तोंड खाडीकडे कर

ठाकुर्ली,
८ जानेवारी २०२३

प्रिय दामाजी,

परवा फोनवर मी तुला वीस मिनिटं माझी अडचण सांगितली आणि शेवटी तू म्हणालास, "हो हो, चिंबोऱ्या चांगल्या आहेत." त्यावरून ओळखलं की तुला एक अक्षर ऐकू आलेलं नाही. वागळे इस्टेटच्या प्रेस शॉपमध्ये आपण अठ्ठावीस वर्षं शेजारी उभे होतो, तेव्हाही त्या दणदणाटात पत्र्याच्या तुकड्यावर खडूने लिहूनच बोलायचो. तेव्हा यापुढे पत्र. रिटायर माणसाला टपालाची घाई कसली.

अडचण अशी. आमच्या प्राजक्त सोसायटीच्या भिंतीचा जो कोपरा रस्त्यावर येतो, तिथे अख्खी ठाकुर्ली कचरा टाकते. मी सेक्रेटरी. पाटी लावली, 'येथे कचरा टाकू नये'. आठवड्याने पाटीच कचऱ्यात सापडली. दुसरी लावली, जरा कडक, 'कचरा टाकणारा गाढव आहे'. तिच्याखाली कोणीतरी लिहिलं, 'हुकुमावरून, सेक्रेटरी'. मग देवांच्या चित्रांच्या टाइल्स बसवल्या, सगळ्या धर्मांच्या, उगाच भांडण नको म्हणून. लोक टाइल्स चुकवून, नेम धरून, बरोबर मधल्या फटीत थुंकायला लागले.

हे मी चालवून घेतलं असतं. पण तुझ्या वहिनीच्या, गंगूच्या, गुडघ्यांचं तुला माहीत आहे. आमचा चौथा मजला, लिफ्ट नाही. गेल्या गणपतीपासून ती खाली उतरलेली नाही. तिच्या वाट्याला आता स्वयंपाकघराची एक खिडकी उरली आहे, आणि ती नेमकी त्या कोपऱ्यावर उघडते. बाई सकाळी चहा घेऊन बसते आणि समोर उकिरडा. तक्रार करत नाही. तेच मला सहन होत नाही.

तेव्हा मागणी अशी की तुझ्या अंगणात जाळी दाबायला ठेवलेले मोठे दगड आहेत, त्यातला गुडघ्याएवढा एक दे. शेंदूर फासून कोपऱ्यावर बसवतो. सत्यनारायणाच्या शिऱ्यापलीकडे माझा देवाशी संबंध नाही हे तुला ठाऊक आहे. पण आपली माणसं मी ओळखतो. पाटीला न भिणारा शेंदराला भितो.

तुझ्या आईला, मनुआईंना नमस्कार.

तुझा,
महिपत

---

कोलशेत,
१६ जानेवारी २०२३

महिपत,

दगड पाठवतो. माझा भाचा हितेश टेम्पो घेऊन कल्याणला जातो, तो रविवारी उतरवेल. अंगणात अकरा आहेत, त्यातला एक मीच निवडलाय.

उतरवताना आडवा पाडू नको. खाली पोतं घाल. ज्या बाजूला अंगठ्याएवढा खळगा आहे ते तोंड. तोंड खाडीकडे कर. तुमच्याकडची खाडी तीच पुढे आमच्याकडे येते. पहिल्या दिवशी डोक्यावर तांब्याभर पाणी घाल. हे सगळं उगाच आपलं, जुनी पद्धत म्हणून सांगतो.

नको झाला तर कुठे फेकू नको. मला कळव.

आय बरी आहे. अठ्ठ्याऐंशी झाली. सकाळी काठी टेकत अंगणात फिरते, फुलं जाळ्यांच्या दगडांवर वाळत घालत बसते. वयाचा भाग. मी बोलत नाही.

चिंबोऱ्या खरंच चांगल्या आहेत. वहिनींसाठी चार पाठवतोय.

दामाजी

---

ठाकुर्ली,
२४ फेब्रुवारी २०२३

प्रिय दामाजी,

दगड पोहोचला, चिंबोऱ्या पोचल्या आणि संपल्या. जाळ्याच्या दगडाला तोंड असतं हे मला या वयात कळलं. तू म्हातारा व्हायला लागलास. पोतं घातलं, पाणी घातलं. तोंड मात्र रस्त्याकडे केलं. खाडीकडे करायचं तर ते आमच्या भिंतीकडे होतं, आणि राखणदाराने भिंत बघत बसून काय करायचं? आधी लोखंडाला देतात त्या रेड ऑक्साइडचे दोन हात दिले, वर शेंदूर. पाच पावसाळे बघायला नको.

आता कामगिरी ऐक. पहिल्याच सकाळी एक गृहस्थ पिशवी हलवत आले, थबकले, चप्पल काढली, नमस्कार केला आणि पिशवी घेऊन तसेच परत गेले. मी जिन्यात लपून बघत होतो. आठ दिवसांत कोपरा लख्ख. कचरा नाहीसा झाला नाही, तो चाळीस पावलं चालून समोरच्या सोसायटीच्या भिंतीशी गेला. त्यांचा सेक्रेटरी विचारायला आला, दगड कुठून आणलात? मी म्हटलं, आणत नसतात हो, प्रकट होतात. गंमत म्हणून बोलून गेलो.

गंगूने हितेशचा टेम्पो खिडकीतून पाहिला होता. पोतं, हमाल, माझी ब्रश घेऊन चाललेली धावपळ, सगळं. तरी तिसऱ्या दिवशी चहाचा कप बाजूला ठेवून हात जोडताना सापडली. मी म्हटलं, "अगं, कोलशेतहून टेम्पोतून आलाय तो." तर म्हणाली, "कुठून आला ते मी पाहिलं. कोण आलाय ते तुम्ही पाहिलंत का?" मी पेपर उघडला.

पण दामाजी, चहा आता ती हसत पिते. तुझे उपकार आहेत.

महिपत

---

कोलशेत,
७ मार्च २०२३

महिपत,

तोंड रस्त्याकडे केलंस ते बरं केलं नाहीस. असो. दिवा कोणी लावतं का? पाणी रोज घालतात का? उन्हाळा आहे. कळव.

इकडे एक झालं. हितेश दगड घेऊन गेला त्या संध्याकाळी आयनं विचारलं, "अकराचे धा कशे जाले?" म्हटलं, मित्राला दिला एक. ती उठून अंगणात जाऊन आली. जेवली पण नाही, उपास हाय म्हणाली. कुठला उपास ते मला कॅलेंडरात सापडलं नाही.

चैत्री पौर्णिमेला नारळ फोड. उगाच आपला.

दामाजी

---

ठाकुर्ली,
११ ऑगस्ट २०२३

प्रिय दामाजी,

पाणी घालतात का म्हणून विचारतोस? दूध घालतात. तुझ्या दगडाचा आता फोटो निघतो.

आमच्या कोपऱ्यावर तानाजी वडापावची गाडी लावतो. त्याला एप्रिलमध्ये स्वप्न पडलं. देव म्हणाला, "तानाजी, मी गटाराखाली दबलोय, मला वर काढ." म्हणजे देव स्वयंभू, आणि त्याने प्रकट व्हायला जागा निवडली ती तानाजीच्या गाडीपासून सहा फुटांवर. पत्र्याचं छप्पर आलं, घंटा आली, फुलवाली आली. शेअर रिक्षाचा थांबा स्टेशनाजवळून सरकून इथे आला. फोनच्या नकाशावर 'वळणदेव' म्हणून खूण उमटली. पार्सल आणणारी पोरं आमच्या सोसायटीचं नाव विचारत नाहीत, "वळणदेवाच्या मागची बिल्डिंग ना?" म्हणतात. तीस वर्षं आम्ही इथे राहतोय आणि आमचा पत्ता सहा महिन्यांच्या दगडावरून सांगतात.

कोपऱ्यावरच्या दिव्यासाठी मी केलेले अर्ज फायलीत पिवळे पडले होते. देव बसला आणि दोन महिन्यांत दिवा लागला. गटारावर झाकण पडलं. गाड्या वळणावर हळू होतात, ड्रायव्हर एक हात छातीला लावतो. क्लासवरून येणाऱ्या मुली त्या रस्त्याने एकट्या यायला लागल्या. मी सेक्रेटरी म्हणून बावीस वर्षांत जे केलं नाही ते त्याने बसल्या जागी केलं. मला जरा रागच आला.

आणि कौल. आमच्या कोकणातल्या मंडळींनी सुरू केला. ओली पाकळी दगडाला चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. देवाच्या उजव्या हाताला पडली तर हो, डाव्या हाताला पडली तर नाही. आमचा देव कोणाला नाही म्हणतच नाही. मुलीचं जमेल का? उजवी. बदली रद्द होईल का? उजवी. कीर्ती कल्याणपर्यंत गेली. मी एका सकाळी गर्दी नसताना खिशातून लेव्हल काढून लावली. जमीन गटाराकडे उतरती, त्यामुळे देव उजवीकडे दोन सूत कलला आहे. पाकळी बिचारी दुसरीकडे जाणार कुठे? आयुष्यभर मशीनं लेव्हलला बसवली आणि देव तिरका बसवला. खाली पत्र्याची चकती सारावी म्हणून हात शिवशिवतात, पण आता हात लावला तर लोक माझा हात ठेवणार नाहीत.

देवाचं मंडळ निघालंय, त्यांनी मला सल्लागार केलंय. नाही म्हणता आलं नाही.

महिपत

---

ठाकुर्ली,
३ नोव्हेंबर २०२३

प्रिय दामाजी,

ज्याची अकरा वर्षं वाट पाहिली ते झालं. बाहेरच्या बाजूने लिफ्ट उभी करायला परवानगी मिळाली. आणि जिन्याला लागून लिफ्ट बसेल अशी सबंध इमारतीला एकच जागा आहे. ओळखलंस ना कुठली?

पायाचा खड्डा घ्यायला भिंतीचा तो कोपरा पाडायला हवा आणि देव त्याला पाठ टेकून बसलाय. दहा फूट पुढे, भिंत संपते तिथे सरकवला की काम झालं. कॉन्ट्रॅक्टर जागा बघायला आला, बूट काढले, नमस्कार केला आणि म्हणाला, "काका, आधी याचं बघा." त्याचा एकही माणूस हात लावायला तयार नाही. मी मंडळाची सभा घेतली. तानाजी म्हणाला, "स्वयंभू देव उठवायचा नसतो. आणि काकूंचं भाग्य तर बघा, घरबसल्या डायरेक्ट दर्शन." मला त्याची कढई त्याच्या डोक्यावर पालथी करावीशी वाटली.

वाईट याचं वाटतं की गंगूही तेच म्हणते. "त्याला उठवून मला नाही उतरायचं. राहू दे." रात्रंदिवस गुडघे चोळते आणि राहू दे म्हणते. तिच्यासाठी मी तो आणला, आणि आता तोच तिच्या वाटेत बसला आहे. ही चूक माझी आहे आणि मला ती निस्तरायची आहे.

त्यासाठी तू ये. पुढच्या रविवारी सभेत सगळ्यांसमोर एवढंच सांग की हा माझ्या अंगणातला जाळ्याचा दगड आहे, हितेशने टेम्पोतून आणून टाकला. लोक मला शिव्या देतील, देऊ देत. लिफ्ट तर होईल. तुझ्या एका वाक्याचं काम आहे.

महिपत

---

ठाकुर्ली,
२२ डिसेंबर २०२३

दामाजी,

सहा रविवार गेले. पत्र नाही, तू नाही. हितेशला फोन केला, तो म्हणतो मामा ठीक आहे, नुसता जेटीवर जाऊन बसतो. मी काही चुकीचं लिहिलं का? राग आला असेल तर तसं लिही. पण लिही.

महिपत

---

कोलशेत,
२ जानेवारी २०२४

महिपत,

राग नाही. लाज आहे. कोऱ्या कागदावर पाचदा 'महिपत' लिहिलं आणि पुढे हात चालला नाही.

तो जाळ्याचा दगड नाही.

आमच्या खाडीच्या बांधावर देव होता. नाव नाही, बांधावरचा देव म्हणायचे. होडी सुटायच्या आधी त्याला नारळ, पहिल्या म्हावऱ्यातला वाटा त्याचा. अंगावर शेंदराचं बोटभर जाड कवच, आतला दगड कोणी पाहिलेला नव्हता. मग बांधावरून मोठा रस्ता आला. गावाने आत देऊळ बांधलं, राजस्थानातून संगमरवरी मूर्ती आणली. गुरुजी म्हणाले, एका गाभाऱ्यात दोन नकोत, जुन्याला खाडीत सोडा. कवच उतरवलं आणि विसर्जनाचं काम मला दिलं, कारण माझी होडी मोठी. ही २०१४ ची गोष्ट.

मधोमध नेला. उचलला. पण हात सोडवेना. ज्याच्या भरवशावर बापजाद्यांपासून आम्ही पाण्यात गेलो, त्यालाच पाण्यात टाकायचं? तसाच परत आणला आणि अंगणात जाळ्यांच्या दगडांत ठेवून दिला. गावाला सांगितलं, सोडला. आयला सांगितलं, सोडला. ती ऐकून घरात गेली. नऊ वर्षं मी देवाला ओल्या जाळ्यांखाली लपवून ठेवलं आणि त्याच्यासमोर बसून बिडी ओढली.

तुझं पत्र आलं तेव्हा वाटलं, तिथे त्याला कोणी फूल तरी वाहील. तू नमस्कार करणार नाहीस हे माहीत होतं, पण काम नीट करशील हेही माहीत होतं. रेड ऑक्साइडचं वाचून मला रडू आलं, का ते माहीत नाही.

आता सभेत येऊन काय सांगू? जाळ्याचा दगड म्हटलं तर देवाशी खोटं, आणि खरं सांगितलं तर तुमची माणसं त्याला अजूनच हलू देणार नाहीत. वहिनींची वाट मी अडवली. मला माफ कर.

दामाजी

---

ठाकुर्ली,
७ जानेवारी २०२४

प्रिय दामाजी,

पत्र तीनदा वाचलं. कारखान्यात आपण खरा माल मागवायचो आणि खोटा यायचा. आयुष्यात पहिल्यांदा मी खोटा माल मागवला आणि तू खरा पाठवलास. तक्रार कुठे करायची?

माफी वगैरे राहू दे. तू हात सोडला नाहीस ते वाचून मला तुझा अभिमान वाटला. नास्तिकाला वाटू नये असा वाटला.

आता डोकं चालव. लोक माझं ऐकत नाहीत, देवाचं ऐकतात. तेव्हा देवालाच सगळ्यांसमोर विचारायचं, "दहा फूट सरकतोस का?" तो दोन सूत उजवीकडे कललाय, म्हणजे उत्तर पक्कं आहे. फक्त कौल लावणारं माणूस असं हवं की त्याच्यापुढे तानाजी बोलू नये. मला एकच नाव सुचतं, मनुआई. पण त्यांना आणायचं तर खरं सांगावं लागेल, आणि ते तुझं काम आहे.

महिपत

---

कोलशेत,
२२ जानेवारी २०२४

महिपत,

सांगितलं. पाय धरून सांगितलं. मला वाटलं काठी बसेल. ती रागावली नाही, नुसतं विचारलं, "कंचा?"

म्हटलं, आपला बांधावरचा देव, आणखी कंचा? ती हसली. पुन्हा विचारलं, "कंचा व्हता त्यो?" माझे कान गेले तसं तिचंही आता डोक्यात राहत नाही बहुतेक. ठाकुर्लीला आहे म्हटलं, तर म्हणाली, "चल मंग."

चार तारखेला रविवारी हितेशच्या टेम्पोत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून आणतो.

दामाजी

---

ठाकुर्ली,
६ फेब्रुवारी २०२४

प्रिय दामाजी,

परवा तू माझ्या शेजारी उभा होतास, पण काय बोलणं झालं ते तुला ऐकू आलेलं नाही. आईंना विचारलंस तर त्या सांगणार नाहीत. म्हणून सगळं लिहितो.

तुम्ही यायच्या आधी मी मंडळाला सांगितलं की हा खाडीकडचा देव आहे, त्याची भाषा खाडीवरच्या माणसालाच कळते. तानाजी लगेच म्हणाला, "बरोबर, स्वप्नात बोलणं तसंच होतं, कोळी लोकांसारखं." स्वप्न कुठेही वळतं हे बरं आहे.

आई टेम्पोतून उतरल्या. देवाच्या अंगावरून हात फिरवला, तू वाटेत सांगितला असशील तो खळगा अंगठ्याने शोधला आणि अंगठा तिथेच ठेवून डोळे मिटून उभ्या राहिल्या. दोनेकशे माणसं बघत होती. मग डोळे उघडून पहिला प्रश्न, "याला रंग कोनी दिला? गंजत व्हता का?" मी गटाराच्या झाकणाकडे बघितलं.

दुसरा प्रश्न. "याचं त्वांड असं कसं? यो काय रिक्षा मोजतो? फिरवा."

तानाजी पुढे आला. "आजी, देव हलवायचा नसतो. त्यासाठीच तर कौल लावतोय."

"त्वांड फिरवनं म्हंजे हलवनं नाय," आई म्हणाल्या. "तू झोपेत कूस बदलतो, तवा घर बदलतो का?"

चार रिक्षावाल्यांनी देव जागच्या जागी फिरवला, तोंड खाडीकडे, म्हणजे आमच्या भिंतीवर नाक. आणि मला एकदम तो दोन सूत कल आठवला. जमिनीचा उतार तोच, पण देव फिरला म्हणजे त्याचा उजवा हात आता वरच्या बाजूला. पाकळी डावीकडेच पडणार. सरकतोस का म्हटलं की नाही म्हणणार, आणि सगळ्यांसमोर एकदा नाही म्हणाला की गंगूची लिफ्ट जन्मात होणार नाही. मी तुला डोळ्यांनी खुणावलं, हातांनी खुणावलं, आईंना थांबव. तू हसून मला हात केलास.

आईंनी देवाच्या खांद्यावर तळवा ठेवला. गटाराकडे पाहिलं. मग एकदाच माझ्याकडे पाहिलं, आपला जुना सुपरवायझर पाहायचा तसं. पाकळी भिजवली, लावली आणि मोठ्याने विचारलं, "देवा, या भितीला नाक लावून तुना हितंच ऱ्हायचं हाय का?"

हात मागे घेईपर्यंत पाकळी डावीकडे पडली.

तानाजी एक पाऊल मागे सरकला. म्हणाला, "नाही म्हणाला. कधी कोणाला नाही म्हणत नाही, आणि आज नाही म्हणाला." ते ऐकून लोकांना जी भीती वाटली ती वर्षभराच्या सगळ्या उजव्या पाकळ्यांनी वाटली नव्हती. पंधरा मिनिटांत देव दहा फूट पुढे, भिंत संपते तिथे. तिथून दोन इमारतींच्या फटीतून खाडीची एक पट्टी दिसते. मी हळूच म्हटलं, "आई, नवीन जागेबद्दलही विचारायचं का?" तर म्हणाल्या, "एकदा बोलला तेवढं पुरे. देवाला फार बोलवू नये."

टेम्पोत बसताना मी विचारलं, याला घरी न्यायचं नाही का? म्हणाल्या, "तिकडं गोरा हाय आता. हितं याला मानसं हायत." आणि वर खिडकीकडे बघून गंगूला हाक मारली, "बाय, तू उतरलीस की सांग. मंग परत येन मी." गंगू खिडकीत रडत होती. हे तू पाहिलंस, तरी लिहितो.

तुझ्या आईला माझा साष्टांग नमस्कार. खरा.

महिपत

---

ठाकुर्ली,
३० सप्टेंबर २०२४

प्रिय दामाजी,

काल लिफ्ट सुरू झाली. चौथ्या मजल्यावरून खाली यायला एकतीस सेकंद लागतात. गंगूला दोन वर्षं लागली.

ठेवणीतलं लुगडं नेसली, केसांत गजरा माळला. मला वाटलं आधी देवाकडे जाईल. नाही. ती सावकाश रस्त्यावर गेली, वळली आणि मान वर करून आमच्या खिडकीकडे बघत उभी राहिली. बराच वेळ. शेवटी म्हणाली, "एवढीशीच दिसत होते होय मी इथून." मी तिचा हात धरला, रस्त्यात, सगळ्यांसमोर.

मग ती देवाशेजारी तासभर बसली आणि तानाजीचे दोन वडे खाल्ले. काय मागितलंस म्हणून विचारलं तर म्हणाली, "मागायचं काय? रोज वरून बघत होते, आज शेजारी बसले." दामाजी, मी नमस्कार केला नाही. चप्पल मात्र काढली.

आता मुद्द्याचं. देव दहा फूट सरकला, आणि आज सकाळी लिफ्टच्या दाराशेजारी, अगदी जुन्या जागी, कचऱ्याची पिशवी. दुपारपर्यंत तीन. तुझ्या अंगणात दहा दगड उरलेत. एक पाठव. या वेळी नीट बघून, अगदी खात्रीचा खोटा.

महिपत

---

कोलशेत,
९ ऑक्टोबर २०२४

महिपत,

वहिनी उतरल्या हे आयला सांगितलं. दिवाळीनंतर मला तिकडे घेऊन चल म्हणते.

दगडाचं. पत्र वाचून लगेच अंगणात गेलो. एक बरासा बघून उचलायला वाकलो तर पाठीत काठी. "ठेव त्यो." म्हटलं, आय, हा साधा जाळ्याचा आहे. तर तिथेच पायरीवर बसून बोलली. मी तिच्या तोंडाशी कान नेऊन ऐकलं.

तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी विसर्जन करून आलो तेव्हा ती जेटीवर उभी होती. "व्हडी जेवढी बुडून गेली तेवढीच बुडून परत आली. देव सोडून आलेली व्हडी वर येते." म्हणजे देव घरी आला हे तिला कळलं. पण अंगणात दगड अकरा. कवच उतरल्यावर आतला कसा दिसतो ते तिने पाहिलं नव्हतं, आणि मला विचारावं तर माझं खोटं उघडं पडलं असतं. मुलाला तोंडावर पाडायचं नाही म्हणून ती गप्प राहिली आणि रोज सकाळी अकराच्या अकरा दगडांना एकेक फूल वाहत आली. नऊ वर्षं. मी तुला लिहिलं होतं, फुलं वाळत घालते. वयाचा भाग म्हणून.

त्या उपासाचं आता कळलं. 'कंचा?' म्हणून का विचारत होती तेही कळलं.

मी म्हटलं, बरं, पण आता तर तो सापडला. तो तुमच्या ठाकुर्लीला बसलाय. मग या दहांना अजून फुलं कशाला?

आय म्हणाली, "नव वरसं फुलं घेतली त्यांनी. आता जाऊन सांगू का, तुमी दगड हाय म्हनून?"

तेव्हा महिपत, माफ कर, आमच्याकडे खोटा दगड एकही उरलेला नाही. जाळी दाबायला मी विटा आणल्यात. तू पाटीच लाव.

दामाजी